मेझॉन क्रीकचे गोटे आणि टली मॉन्स्टर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागोहून नैऋत्येला तासभर गाडी हाकली की ब्रेडवूड नावाचं जुन्या कोळसाखाणींचं गाव लागतं. तिथल्या ढिगाऱ्यांतून जीवाश्म वेचणारी हौशी माणसं आहेत, त्यांतली मी एक. या परिसरातल्या जीवाश्मांना मेझॉन क्रीकचे जीवाश्म म्हणतात, आणि ते असतात गोट्यांत, म्हणजे चपट्या बटाट्यासारख्या बंद दगडांत. परवा आमच्यातल्या एका काकांच्या अशाच गोट्यातून अख्खा टली मॉन्स्टर, म्हणजे सोंडवाल्या, नामशेष समुद्री प्राण्याचा जीवाश्म, निघाला. फोटो मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून फोन थांबलेला नाही. दर वेळी तीच उत्तरं देण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

नेमकं सापडलं काय? फोटोत तर नुसता डाग दिसतोय.

मोबाइलच्या फोटोत डागच दिसतो, कबूल. हातात घेऊन उजेडाकडे तिरका धरला की खरी मजा. तांबूस-तपकिरी दगडाचे दोन चपटे तुकडे, आणि दोन्हींच्या आतल्या बाजूवर वीतभर लांबीची एकच फिकट आकृती. मधलं अंग लांबट, मागे निमुळतं होऊन शेपटीला पर फुटलेला. पुढच्या बाजूला अंगावर आडवी काडी ठेवावी तशी एक दांडी, आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक काळा ठिपका. ते डोळे. त्याच्याही पुढे बारीक सोंड, मध्ये वाकलेली, आणि सोंडेच्या टोकाला चिमटा. भिंग लावलं तर चिमट्यात दातांच्या टोचण्याही दिसतात.

या प्राण्याच्या अंगात हाड नव्हतं आणि अंगावर कवच नव्हतं. सगळं मऊ. असं शरीर मेल्यावर काही दिवसांत कुजून नाहीसं व्हायला हवं. ते सुमारे 30.9 कोटी वर्षं टिकलं, डोळ्यांसकट.

पण टली तर शेकड्यांनी सापडलेत म्हणे. मग एवढं नाचण्यासारखं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याने थोडं वाचलेलं असतं, म्हणून मला तो आवडतो. खरं आहे, शिकागोच्या फील्ड म्युझियममध्येच हजाराच्या वर टली आहेत. पण त्यातले बहुतेक म्हणजे नुसता धडाचा तुकडा, किंवा धड आणि शेपूट. सोंड तुटलेली, डोळ्यांची दांडी गोट्याच्या बाहेर राहिलेली, किंवा गोटा उघडताना नेमका तिथूनच फुटलेला. सोंड, चिमटा, डोळे, अंग, शेपूट एकाच गोट्यात आणि दोन्ही बाजूंवर स्पष्ट उमटलेले असणं हे आयुष्यभर गोटे उघडणाऱ्यांच्या वाट्यालाही येत नाही. आणि हा प्राणी इलिनॉय सोडून जगात आजवर कुठेही सापडलेला नाही.

काका तसे मितभाषी. गोटा उघडल्यावर त्यांनी कुणाला फोन केला नाही. गुपचूप पुसून डब्यात ठेवला आणि बैठकीला घेऊन आले. डबा टेबलावर उघडला तेव्हा आधी कुणी बोललंच नाही, मग सगळे एकदम बोलायला लागले. त्या दिवशीचा ठरलेला विषय बाजूलाच राहिला. मी घरून नेलेल्या चकल्या दहा मिनिटांत संपल्या. त्याचं श्रेय टलीला द्यायचं की चकल्यांना, हा वाद अजून मिटलेला नाही.

‘टली’ हे नाव कुठून आलं?

फ्रान्सिस टली या माणसावरून. लॉकपोर्टचे रहिवासी, हौशी संग्राहक. 1950 च्या दशकात त्यांना फुटलेल्या गोट्यात हा विचित्र प्राणी दिसला. पुस्तकांत शोधलं, कुठेच मिळेना, म्हणून ते तो फील्ड म्युझियममध्ये घेऊन गेले. तिथल्या तज्ज्ञांनाही ओळखता येईना. कोणती जात, हा प्रश्न पुढचा. प्राण्यांच्या कोणत्या मोठ्या गटात टाकायचा हेच कळेना. म्युझियममध्ये त्याला ‘मिस्टर टलींचा मॉन्स्टर’ म्हणू लागले. 1966 मध्ये तिथले अपृष्ठवंशी जीवाश्मांचे अभिरक्षक यूजीन रिचर्डसन यांनी त्याचं रीतसर वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा शास्त्रीय नावातही तेच घेतलं : टलीमॉन्स्ट्रम ग्रेगेरियम.

1989 मध्ये इलिनॉयने त्याला राज्य-जीवाश्माचा दर्जा दिला. भाड्याने मिळणाऱ्या यू-हॉलच्या ट्रकवर एक विचित्र सोंडवाला प्राणी रंगवलेला तुम्ही पाहिला असेल, तोच हा. सामान हलवताना तीनदा-चारदा पाहूनही तो काय आहे हे विचारायचं राहून गेलं, असं सांगणारे आपल्यात बरेच भेटतात.

मग तो आहे तरी कोण? मासा की किडा?

भांडण चालू आहे.

रिचर्डसन यांनी त्याला किड्यासारखा म्हटलं, पण गट ठरवला नाही. पुढची पन्नास वर्षं कुणी त्याला गोगलगाईंच्या कुळात बसवलं, कुणी वळ्यांच्या कृमींत. 2016 मध्ये व्हिक्टोरिया मॅकॉय आणि सहकाऱ्यांनी बाराशेहून जास्त नमुने तपासले. अंगाच्या मध्यावरून जाणारा जो फिकट पट्टा आजवर आतडं समजला जात होता, तो खरं तर पाठीचा आधारदंड आहे, म्हणजे हा पृष्ठवंशी, लॅम्प्रे माशांचा नातेवाईक, असं त्यांनी मांडलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने डोळ्यांतले रंगद्रव्याचे सूक्ष्म कण पाहून तोच निष्कर्ष काढला. वर्तमानपत्रांनी ‘कोडं सुटलं’ म्हणून मथळे दिले.

पुढच्याच वर्षी लॉरेन सॅलन आणि इतरांनी त्यावर हरकत घेतली. याच गोट्यांत खरे मासे आणि खरे लॅम्प्रेही सापडतात; त्यांच्यात जे अवयव टिकत नाहीत ते टलीतच कसे टिकले, असा त्यांचा सवाल. मला तो बिनतोड वाटतो. मग 2023 मध्ये तोक्यो विद्यापीठातल्या तोमोयुकी मिकामी यांच्या गटाने दीडशेहून जास्त टलींचे त्रिमितीय स्कॅन केले. अंगावरचे खंड डोक्याच्या भागातही दिसतात आणि पृष्ठवंशी प्राण्यांत तसं कुठे आढळत नाही, तेव्हा हा पृष्ठवंशी नव्हे, असं त्यांनी म्हटलं. मग कोण, याचं उत्तर अजून कुणाकडे नाही.

म्हणूनच सबंध नमुना मोलाचा. या वादातला प्रत्येक मुद्दा शेवटी ‘अमुक नमुन्यात दांडी अशी दिसते, तमुक नमुन्यात पट्टा इथे संपतो’ यावर येऊन थांबतो. आणि ते नमुने बहुतांशी हौशी लोकांनी वेचून दिलेले आहेत.

हे गोटे बनले कसे?

तेव्हाचं इलिनॉय विषुववृत्ताजवळ होतं. दमट, दलदलीचं, प्रचंड झाडांचं जंगल, आणि जवळच उथळ समुद्र. नद्या चिखल वाहून आणत आणि मुखाशी पसरत. जंगल बुडालं, चिखलाखाली दबलं, त्याचा कोळसा झाला. कोळशाच्या वरच्या चिखलाचा झालेला खडक म्हणजे ‘फ्रान्सिस क्रीक शेल’. गोटे त्या शेलमध्ये असतात.

पान गळून पडलं किंवा कोळंबी मेली की तिच्यावर लगेच चिखलाचा थर बसायचा. आत कुजण्याची क्रिया सुरू व्हायची. त्यात जिवाणूंमुळे निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि चिखलातलं लोह यांच्या संयोगातून सिडराइट, म्हणजे लोहाचं कार्बोनेट, त्या मृत देहाभोवती साकळायचं. कुजणं पूर्ण व्हायच्या आत भोवतालचा चिखल दगड होऊन जायचा. गंमत म्हणजे, ज्या कुजण्याने देह नष्ट व्हायला हवा तेच त्याच्याभोवती कवच उभं करत होतं. वरून पुढे कितीही थर चढले तरी गोट्याच्या आतलं शरीर फारसं चेपलं गेलं नाही. आजूबाजूच्या शेलमधले ठसे मात्र कागदासारखे सपाट होतात.

गोट्याचा आकारही बरेचदा आतल्या वस्तूवर जातो. फर्नचं पान असेल तर लांबट, शिंपला असेल तर गोलसर.

जमिनीखालचे गोटे वर कसे आले?

खाणवाल्यांनी आणले. मेझॉन नदीच्या काठावर ते एकोणिसाव्या शतकापासून मिळत होते, पण खरा खजिना उघडला तो उघड्या कोळसाखाणींनी. कोळशापर्यंत पोचण्यासाठी वरचं शेल अजस्र यंत्रांनी उपसून बाजूला टाकलं जाई. शेल पावसात विरघळून चिखल होतं, गोटे तसेच राहतात. ते उचलायला माणसं येऊ लागली. त्यातली सगळ्यात नावाजलेली जागा म्हणजे पीबॉडी कंपनीची ‘पिट 11’. टलीसारखे समुद्री जीव जास्त करून याच बाजूला मिळतात. आज पिट 11 चा मोठा भाग ब्रेडवूड अणुवीज केंद्राच्या, पाणी थंड करण्यासाठीच्या तलावाखाली आहे.

मेझॉन क्रीकच्या जीवाश्मस्थळाला 1997 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

साधा दगड आणि गोटा यात फरक कसा करायचा?

रंग पाहा. उघड्यावर पडलेलं सिडराइट गंजतं, म्हणून बाहेरून वीटकरी किंवा तांबडं-तपकिरी. आकार चपट्या बटाट्याचा, कडा गुळगुळीत. हातात घेतला की अपेक्षेपेक्षा जड. अगदी वेडावाकडा, कोनदार दगड सोडून द्या. एक-दोन तास कुणा जाणत्याबरोबर फिरलात की डोळा तयार होतो, पुढे वाचायची गरज पडत नाही.

घरी आणला. आता हातोडीने फोडू का?

नको! हातोडीने गोटा त्याला वाटेल तिथून फुटतो, आणि तुमच्या नशिबाने ती जागा नेमकी सोंडेवर येते.

इथली पद्धत पाण्याची आणि थंडीची. आतला जीवाश्म हा गोट्यातला सगळ्यात कमकुवत पापुद्रा असतो. तिथे पाणी शिरलं आणि त्याचा बर्फ झाला की ते साधारण 9 टक्क्यांनी फुगतं आणि गोटा त्याच पापुद्र्यावर उकलतो. म्हणून :

गोटे आधी निदान आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा. मग आइस्क्रीमच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात पाण्यासकट फ्रीझरमध्ये. काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं घेऊ नका, गोट्याआधी तेच फुटेल. पूर्ण गोठलं की बाहेर काढा, आपोआप वितळू द्या, परत गोठवा. गरम पाणी ओतून घाई करू नका. प्रत्येक फेरीनंतर गोट्याच्या कडेवर केसासारखी रेघ आली का ते बघा. रेघ आली की छोट्या हातोडीने कडेवर अगदी हलकं टकटक करायचं. उघडायचा असेल तर उघडतो, नाहीतर परत पाण्यात.

काही दोन फेऱ्यांत उघडतात. काही वर्ष उलटलं तरी दाद देत नाहीत. काकांचा टली ज्या गोट्यात निघाला तो गॅरेजमधल्या बादलीत आदल्या हिवाळ्यापासून पडून होता. काकूंनी तो दोनदा बागेत टाकायला काढला होता, हे त्या स्वतःच हसत सांगतात.

शिकागोच्या थंडीत बादली बाहेर डेकवर ठेवली तरी चालतं. मार्चमध्ये दिवसा वितळतं, रात्री गोठतं. निसर्ग फुकटात फेऱ्या मारून देतो. मी मात्र फ्रीझरच वापरते. घरच्यांनी मटारच्या पिशव्यांशेजारी दगड चालवून घेतले तर तुम्हीही वापरा.

किती गोट्यांत काही तरी निघतं?

मन घट्ट करून ऐका : बरेच रिकामे निघतात. उघडला, आत नुसता राखाडी दगड. त्यानंतर नंबर ‘ब्लॉब’चा. समुद्री बाजूच्या गोट्यांत हा इतका मिळतो की जुने लोक न बघताच बाजूला टाकत. आकृती म्हणावी असं फारसं काही नाही, एक फुगीर गोळा.

पण त्या गोळ्याचीही गोष्ट आहे. त्याचं नाव एसेक्सेला. 1979 मध्ये त्याचं वर्णन जेलीफिश म्हणून झालं आणि चार दशकं सगळे त्याला जेलीफिशच म्हणत. 2023 मध्ये रॉय प्लॉटनिक आणि सहकाऱ्यांनी म्युझियममधले ढिगाने नमुने काढून पाहिले आणि सांगितलं की आपण तो आजवर उलटा धरत होतो. सुलटा केला की तो समुद्रफूल, म्हणजे सी अ‍ॅनिमोन, आहे. लोकांनी फेकलेला माल! फेकून न देता म्युझियमला दिलेले हजारो ‘ब्लॉब’ नसते तर हे कळलं नसतं.

रिकामे गोटेसुद्धा वाया जात नाहीत. गॉर्डन बेअर्ड आणि सहकाऱ्यांनी काही दशकांपूर्वी साडेतीनशेच्या आसपास ठिकाणांहून तीन लाखांच्या घरात गोटे गोळा केले आणि कुठे काय निघालं याची मोजदाद ठेवली. कुठपर्यंत गोडं पाणी होतं, कुठून समुद्र लागत होता, हे त्या आकड्यांवरून आखता आलं. आपण हौशी लोक फक्त सुंदर तेवढं ठेवतो. म्हणून माझा आग्रह असतो, की वहीत ‘अमुक जागा, इतके गोटे, इतके रिकामे’ एवढं तरी लिहा.

साधारण काय मिळतं आणि दुर्मीळ काय?

या थरांतून चारशेच्या आसपास वनस्पती आणि तीनशेहून जास्त प्राणी नोंदले गेले आहेत, त्यामुळे पूर्ण यादी इथे देत नाही.

नवख्याला पहिल्यांदा मिळतं ते फर्नचं पान. पेकॉप्टेरिस, न्यूरॉप्टेरिस ही नावं लवकरच तोंडात बसतात. मला स्वतःला अ‍ॅन्युलॅरिया सगळ्यात देखणी वाटते. देठाभोवती पानांची चक्रं, एकामागून एक, जणू कुणी शाईने काढलेली. ती दुर्मीळ नाही, तरी माझ्या टेबलावर तीच ठेवलेली आहे. दुर्मीळ म्हणजेच सुंदर, असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही.

शिंपले, कोळंबीसारखे जीव, समुद्री कृमी हे मधल्या पायरीवर. हॉर्सशू क्रॅब, म्हणजे नालखेकडा, मिळाला तर त्या दिवशी जेवण बाहेर. त्याच्याही वर : कोळी, कीटक, काटेरी सहस्रपाद, छोटे शार्क, लॅम्प्रे. आणि सीलॅकँथ माशाची पिल्लं. ती बोटाच्या पेराएवढी असतात आणि काहींच्या पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी अजून चिकटलेली दिसते. नुकतीच अंड्यातून निघाली होती बिचारी. चार पायांचे उभयचर तर इतके विरळा, की एखादा निघाला तर वर्षभर तोच विषय.

चांगलं काही सापडलं तर काय करायचं?

पहिलं : दोन्ही अर्धी ठेवा. एका बाजूवर सोंड असते तर दुसरीवर डोळे. मुलाला एक आणि भाच्याला एक, अशी वाटणी झालेले नमुने मी पाहिलेत, जीव कळवळतो. दुसरं : त्याच दिवशी चिठ्ठी लिहा. जागा, तारीख, कुणाला मिळालं. नमुन्यावर पाठीमागे बारीक क्रमांक घाला आणि वहीत तोच क्रमांक. जागा माहीत नसलेला सुंदर जीवाश्म शोपीस होतो, अभ्यासाला त्याचा उपयोग फार थोडा. तिसरं : वॉर्निश, तेल, नेलपॉलिश असलं काही लावू नका. तुकडा निखळला असेल तर काढून टाकता येईल असा डिंक वापरतात. ते जाणत्याकडून करून घ्या.

मग तो दाखवा. इथे एस्कॉनी नावाचा उत्तर इलिनॉयचा भूविज्ञान क्लब 1949 पासून चालू आहे. त्यात बसचालक, शिक्षिका, निवृत्त इंजिनिअर असे सगळे आहेत आणि ओळख पटवण्यात ते भल्याभल्यांना हरवतात. एका समुद्री कृमीचं शास्त्रीय नावच क्लबवरून ठेवलेलं आहे : एस्कॉनाइट्स. लांब नाकाच्या बँड्रिंगा शार्कचं नाव रे बँड्रिंगा या संग्राहकावरून आलं. जॉलिएटचे इंजिनिअर जॉर्ज लँगफर्ड हौस म्हणून झाडांचे जीवाश्म जमवत होते आणि पुढे फील्ड म्युझियममध्ये वनस्पती-जीवाश्मांचे अभिरक्षक झाले.

म्युझियमला दिलं तर आपल्या हातातून गेलंच ना?

नेहमी नाही. बघायला दिलं, फोटो आणि मापं घेतली, परत आणलं, असंही चालतं. पण नवीन जातीचं वर्णन ज्या नमुन्यावरून होतं तो सार्वजनिक संग्रहातच असावा लागतो, नाहीतर पुढच्या अभ्यासकाला तो तपासता येत नाही. काकांनी अजून ठरवलेलं नाही. त्यांच्यावर कुणी घाई करू नये, निदान मंडळाच्या ग्रुपवर तरी.

विकला तर किती मिळतील?

हा प्रश्न पहिल्या दिवशी अकरा जणांनी विचारला, म्हणून ठेवला. उत्तर देणार नाही.

वाटेल तेव्हा जाऊन गोळा करता येतं का?

नाही. बहुतेक जुन्या खाणी आणि नदीकाठ खाजगी मालकीचे आहेत. मालकाच्या परवानगीशिवाय कुंपण ओलांडू नका. सर्वसामान्यांना खुली जागा म्हणजे मॅझोनिया-ब्रेडवूड हे राज्याचं मासेमारी आणि वन्यजीव क्षेत्र. तिथे जीवाश्म गोळा करायला परवाना लागतो आणि हंगाम 1 मार्च ते 30 सप्टेंबर. पुढे बदकांच्या शिकारीचे दिवस असतात, तेव्हा कुणी गोटे शोधत झुडपांत वाकलेलं नसलेलंच बरं. नियमांचा कागद जाण्याआधी नीट वाचा, गेल्या वर्षी वाचला होता म्हणून सोडू नका.

उत्तम काळ मार्च-एप्रिल. बर्फ वितळलेलं, पाऊस पडून गेलेला, गवत अजून उगवलेलं नाही. ढिगाऱ्यांवर आता झाडं माजली आहेत, त्यामुळे जूननंतर गोट्यांपेक्षा गोचिडी जास्त मिळतात.

आपल्याकडे महाराष्ट्रात असं काही मिळतं का?

पुणे, नाशिक, सातारा इथल्या वाचकांची निराशा करते. सह्याद्री आणि देश हा बहुतेक सगळा लाव्ह्याचा बेसॉल्ट आहे. लाव्ह्यात काय टिकणार? तिथे मिळतात ते स्फटिक. जळगाव-नाशिककडचं स्टिलबाइट, अपोफिलाइट जगभर नावाजलेलं आहे. इथल्या दगडांच्या प्रदर्शनात ‘जळगाव’ लिहिलेली चिठ्ठी पाहून परक्या हॉलमध्ये एकदम घरी आल्यासारखं होतं. पण ते खनिज, जीवाश्म नव्हे.

विदर्भाची गोष्ट वेगळी. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात जी तळी होती त्यांच्या गाळात गोगलगाई, झाडांचे अवशेष मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा डायनासोरच्या अश्मीभूत विष्ठेसाठी अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तिथे झाडांचे दगड झालेले बुंधे पाहायला मिळतात. पाहायला. उचलायला नव्हे.

आणि हौशी संग्राहक म्हणाल तर नागपूरने एक नंबरी माणूस पाहिलाय. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप. आले 1845 मध्ये मिशनरी म्हणून, पण सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर नागपूरच्या आसपासचे खडक पिंजून काढले. कामठीच्या वालुकाश्मातली पानं, टाकळीच्या गाळातले शिंपले, मांगलीच्या दगडातली उभयचराची कवटी. ती कवटी लंडनला गेली आणि 1855 मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असं नाव दिलं. पगार दुसऱ्या कामाचा आणि जीव दगडांत, हा आमचाच वंश. कॉलेजच्या दारावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

मुलांना आणलं तर चालेल का?

जरूर. मुलं जमिनीच्या जवळ असतात आणि त्यांचे डोळे शाबूत असतात. फक्त ढिगाऱ्यांचे उतार निसरडे असतात आणि पाणी जवळ आहे, तेव्हा हात सोडू नका. पॉयझन आयव्हीची, म्हणजे अंगाला लागली की खाज सुटणाऱ्या वेलीची, तीन पानं कशी दिसतात हे आदल्या दिवशी घरीच दाखवून ठेवा. आणि निघतानाच स्पष्ट सांगा की आज काहीही दिसणार नाही, आज फक्त बंद दगड गोळा करायचे आहेत. हे न सांगितल्यामुळे परतीच्या वाटेवर गाडीत झालेली रडारड मी ऐकलेली आहे.

पहिल्यांदा येताना काय घेऊन येऊ?

जुने बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब मोजे, पाणी, परवान्याची प्रत. गोटे ठेवायला कापडी पिशवी. किराण्याची प्लास्टिकची पिशवी पाच गोट्यांत फाटते. पेन आणि वही. डब्यात पोळीभाजी असू द्या, जवळपास खायला फार काही नाही. हातोडी घरी ठेवलीत तरी चालेल. गोटे उचलायला वाकावं लागतं, तेव्हा कंबर दुखत असेल तर सांगा, तुम्हाला निवडायला बसवू. आणि फ्रीझरचा एक कप्पा आधीच मोकळा करून ठेवा, घरी आल्यावर त्यावरून बोलणी होतात.